महाराष्ट्राच्या बायकांना फॅशन शिकवणारा पुरुष : बालगंधर्वांची साडी आणि आपली नजर

कर्जतहून चौकच्या दिशेने निघालात की खालापूर तालुक्याच्या हद्दीत एन. डी. स्टुडिओ लागतो. कला दिग्दर्शक नितीन चंद्रकांत देसाई यांनी २००५ मध्ये हा स्टुडिओ उभा केला. ‘जोधा अकबर’चे महाल इथेच उभे राहिले, ‘राजा शिवछत्रपती’ मालिकाही इथेच घडली. डोंगर, किल्ल्याचे दरवाजे, वाड्यांचे चौक आणि त्यात नऊवारी नेसून शॉटची वाट बघत बसलेल्या नट्या, हे इथलं नेहमीचं दृश्य.

आता या नट्या टीव्हीवर दिसल्या की पुढे काय होतं, ते तुम्हाला माहिती आहे.

प्रोमो पडतो आणि पाच मिनिटांत कमेंट सुरू होतात. पदर नीट नाही. नथ या काळातली नाही. हिला नऊवारी शोभत नाही. तिला शोभते. कथा काय आहे, बाई काय बोलली, ती बरोबर आहे की चूक, हे सगळं नंतर. आधी कपडे.

चालू काळातल्या मालिकांचं पण तेच. ‘माझ्या नवऱ्याची बायको’ सुरू झाली तेव्हा राधिका साडीत होती आणि शनाया वेस्टर्न कपड्यांत. कोणाच्या बाजूने उभं राहायचं हे प्रेक्षकाला पहिल्या एपिसोडला, आवाज बंद करून बघितलं तरी कळत होतं. ‘होणार सून मी ह्या घरची’मधल्या जान्हवीचं मंगळसूत्र तर इतकं गाजलं की सराफाकडे जाऊन बायका तिच्या नावाने डिझाइन मागायच्या.

तुम्ही म्हणाल, हे सगळं टीव्ही आणि सोशल मीडियामुळं झालं.

तर नाही. ही सवय आपल्याला शंभर वर्षांपूर्वीच लागली होती. आणि गंमत म्हणजे ती लावणारी व्यक्ती बाई नव्हती, पुरुष होता. त्यांचं नाव नारायण श्रीपाद राजहंस. महाराष्ट्र त्यांना बालगंधर्व म्हणून ओळखतो.

याच एन. डी. स्टुडिओच्या नितीन देसाईंनी २०११ मध्ये ‘बालगंधर्व’ हा सिनेमा काढला. दिग्दर्शक रवी जाधव, मुख्य भूमिकेत सुबोध भावे. या सिनेमाला जे राष्ट्रीय पुरस्कार मिळाले त्यातला एक वेशभूषेसाठी नीता लुल्ला यांना होता आणि एक रंगभूषेसाठी विक्रम गायकवाड यांना. बालगंधर्वांची गोष्ट सांगायची तर आधी कपडे नीट जमले पाहिजेत, हे सिनेमावाल्यांना बरोबर कळलं होतं.

असं का, ते बघू.

गाणारा पोरगा

नारायणाचा जन्म २६ जून १८८८ चा. गाव सांगलीकडचं नागठाणे. घरची परिस्थिती बेताची, पण गळा असा की लहानपणीच लोक थांबून ऐकायचे. पुण्यात लोकमान्य टिळकांनी या पोराचं गाणं ऐकलं आणि त्याला बालगंधर्व हे नाव दिलं, असं सांगितलं जातं. ते नाव पुढे आयुष्यभर चिकटलं.

नारायणाला कमी ऐकू येण्याचा त्रास होता. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी त्याच्यात लक्ष घातलं, मिरजेला उपचार झाले आणि तिथून गाडी किर्लोस्कर नाटक मंडळीकडे वळली. साल होतं १९०५.

तेव्हा किर्लोस्कर मंडळीलाही अशा पोराची गरज होतीच. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० मध्ये ‘संगीत शाकुंतल’ आणून संगीत नाटकाची लाट उठवली होती. त्यातली शकुंतला गाजवणारे भाऊराव कोल्हटकर १९०१ मध्ये गेले. कंपनीकडे नाटकं होती, पण नाटकाला तोलणारी नायिका नव्हती.

नायिका म्हणजे अर्थातच पुरुष. त्या काळात नामवंत नाटक मंडळ्यांमध्ये बायकांची कामं पुरुषच करायचे. घरंदाज म्हणवणाऱ्या कुटुंबातल्या बाईने स्टेजवर उभं राहणं लोकांना चालत नव्हतं आणि जी उभी राहायची तिला घरंदाज मानलं जात नव्हतं. त्यामुळे शकुंतला, सुभद्रा, रुक्मिणी या सगळ्या जणी मिशा काढलेल्या पुरुषांच्या अंगावर उभ्या होत्या.

नारायणराव शकुंतला होऊन उभे राहिले आणि कंपनीचे दिवस पालटले.

भामिनी आणि वनमाला : एकच बाई, दोन वेश

१२ मार्च १९११. मुंबईत कृष्णाजी प्रभाकर खाडिलकरांच्या ‘मानापमान’चा पहिला प्रयोग होता. त्याच दिवशी बालगंधर्वांची लहान मुलगी वारली. प्रयोग रद्द होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. बालगंधर्व रंगले, नेसले आणि भामिनी होऊन स्टेजवर आले. घरी काय झालंय हे प्रेक्षकांना दिसण्याचा प्रश्नच नव्हता. समोर दागिन्यांनी मढलेली एका श्रीमंत घरातली मुलगी उभी होती.

आता या नाटकाची गोष्ट बघा, कारण आपला विषय त्याच्या आतच आहे.

भामिनी श्रीमंत. तिचे वडील तिचं लग्न धैर्यधर नावाच्या शूर पण गरीब सेनापतीशी ठरवू बघतात. भामिनी त्याची गरिबी बघून नकार देते. तो अपमानाने पेटतो. पुढे भामिनीला त्याची किंमत जवळून पाहायची असते, म्हणून ती दागिने उतरवते, साधा वेश करते आणि वनमाला हे नाव घेऊन छावणीत जाते. आणि धैर्यधर त्याच बाईच्या प्रेमात पडतो, जिच्या नावानं तो बोटं मोडत असतो. तिकडे दागिने घालून मिरवणारा लक्ष्मीधर हा दुसरा उमेदवार, त्याच्यावर प्रेक्षक नुसता हसत असतो.

म्हणजे बाई तीच, आवाज तोच. फक्त शालू जाऊन साधं लुगडं आलं आणि बघणाऱ्याचं मत बदललं. खाडिलकरांनी ही चलाखी नाटकात वापरली, आणि लोकांनी ती बाहेर स्वतःवरच करून घेतली.

साडीची क्रेझ

१९१३ मध्ये बालगंधर्व, गणेशराव बोडस आणि गोविंदराव टेंबे यांनी किर्लोस्कर मंडळी सोडली आणि गंधर्व नाटक मंडळी काढली. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांचा त्यांना आश्रय मिळाला. मग एकामागून एक नाटकं आली. ‘विद्याहरण’मधली देवयानी, १९१६ मध्ये ‘स्वयंवर’मधली रुक्मिणी, १९१९ मध्ये राम गणेश गडकरींच्या ‘एकच प्याला’मधली सिंधू, १९२० मध्ये द्रौपदी.

गाणं तर होतंच. भास्करबुवा बखल्यांची तालीम होती, पुढे तबल्याला अहमदजान थिरकवाँसारखा माणूस होता. पण लोक फक्त ऐकायला येत नव्हते, बघायलाही येत होते.

बालगंधर्वांना नकली काही चालायचं नाही. भरजरी शालू खरे, पैठण्या खऱ्या, अत्तर उंची. पडदे आणि गालिचे पण तसेच. पदर कसा घ्यायचा, शेला कुठून सोडायचा, केसांत फुलं किती माळायची, याचा त्यांनी बारकाईने विचार केलेला असायचा. घरंदाज बायका कशा बसतात, कशा वळतात, कशा लाजतात, हे ते बघत राहायचे आणि मग तेच आणखी देखणं करून स्टेजवर मांडायचे.

प्रेक्षकांत बायका असायच्या. त्या घरी जाऊन तसंच नेसून बघायच्या. नेसण्याची पद्धत, गजरा, दागिने, हातात रुमाल धरायची ढब, सगळं स्टेजवरून घराघरांत उतरलं. त्यांचे स्त्रीवेषातले फोटो घराघरांत गेले, मालाच्या जाहिरातींना त्यांचं नाव आणि चित्र चालू लागलं. आजच्या भाषेत सांगायचं तर ते त्या काळचे इन्फ्लुएन्सर होते.

हे एकट्या बालगंधर्वांमुळे झालं असंही नाही. कर्जतहून रेल्वेने घाट चढून गेलात की खंडाळा, लोणावळा आणि मग मळवली लागतं. राजा रविवर्म्यांचा छापखाना मुंबईतून हलला तो या मळवलीला. तिथल्या छापील चित्रांमधून लक्ष्मी, सरस्वती, दमयंती कशा दिसतात, हे लोकांच्या डोळ्यांत आधीच बसलं होतं. चित्रातली ती साडीतली देखणी पौराणिक बाई बालगंधर्वांनी चालती-बोलती-गाती केली.

पण एक गोष्ट लक्षात घ्या. आदर्श बाई कशी दिसते, हे एका पुरुष चित्रकाराने काढलं, पुरुष नाटककाराने लिहिलं आणि पुरुष नटाने नेसून दाखवलं. बाईच्या वाट्याला त्यातलं फक्त अनुकरण आलं.

सिंधूचं लुगडं

‘एकच प्याला’ इथे वेगळं ठरतं.

गडकरी जानेवारी १९१९ मध्ये गेले आणि पुढच्याच महिन्यात बडोद्याला या नाटकाचा पहिला प्रयोग झाला. सुधाकर दारूच्या नादी लागतो आणि त्याची बायको सिंधू त्याच्यासोबत खाली खाली जात राहते. भरल्या घरातली बाई शेवटी जात्यावर दळण दळायला बसते.

ज्या नटाचा शालू बघायला लोक तिकीट काढायचे, तो इथे साध्या जुन्या लुगड्यात बसला. धोका मोठा होता. पण झालं उलटंच. लोक रडले. सिंधू महाराष्ट्राची सोशिक पत्नी होऊन बसली.

मात्र यातही कपड्याने आपलं काम केलंच. भरजरी रुक्मिणी बघून लोक भारावले, फाटक्या संसारातली सिंधू बघून हळहळले. पण नवऱ्याच्या पायी जीव देणाऱ्या सिंधूने घर सोडायला हवं होतं का, हा प्रश्न त्या लुगड्याकडे बघून फारसा कोणाला पडला नाही. सोसणाऱ्या बाईचा एक युनिफॉर्म ठरून गेला. आज मालिकेतली नायिका दुःखात असली की तिची साडी फिकी होते आणि दागिने कमी होतात, ते उगाच नाही.

खऱ्या बाईचं काय?

बालगंधर्व लोकप्रियतेच्या शिखरावर चढत असताना बाजूला आणखी एक गोष्ट घडत होती.

१९१३ मध्ये दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ काढला, तेव्हा तारामतीचं काम करायला त्यांना बाई मिळाली नाही. अण्णा साळुंखे या पुरुषाने ते केलं. त्याच वर्षी त्यांच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये मात्र दुर्गाबाई आणि त्यांची मुलगी कमलाबाई, पुढच्या कमलाबाई गोखले, कॅमेऱ्यासमोर उभ्या राहिल्या.

पुरुष साडी नेसला की ती कला होती. बाई तीच साडी नेसून लोकांसमोर आली की तिच्या चारित्र्याची चौकशी व्हायची. कापड सारखंच होतं, पण एकाच्या अंगावर ते वेश होतं आणि दुसरीच्या अंगावर तिचा स्वभाव ठरत होतं. पुरुष पडदा पडला की लुगडं सोडून घरी जायचा. बाईला ते सोडता येत नव्हतं, कारण भूमिकेबद्दलचं मत लोक तिच्यासोबत घरापर्यंत पाठवायचे.

तरी बायका आल्या. हिराबाई बडोदेकरांनी १९२९ च्या सुमारास स्वतःची नाट्यशाखा काढली. १९३२ मध्ये ‘अयोध्येचा राजा’त दुर्गा खोटे तारामती झाल्या. १ जुलै १९३३ ला ‘आंधळ्यांची शाळा’ आलं, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मावती वर्तक यांनी स्त्रीभूमिका केल्या. १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ सिनेमात मीनाक्षी शिरोडकर पोहण्याच्या वेशात आल्या आणि महाराष्ट्रभर खळबळ उडाली. सिनेमा ब्रह्मचर्याच्या भाबड्या खुळाची थट्टा करणारा, आचार्य अत्र्यांनी लिहिलेला. पण त्यातली नायिका हुशार आहे, पुढाकार घेणारी आहे, याची चर्चा मागे पडली. आजही त्या सिनेमाचं नाव काढलं की पहिल्यांदा तो पोशाखच आठवला जातो.

साडी उतरली आणि...

या बदलाचा फटका बालगंधर्वांनाही बसला.

८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. केशवराव भोसले धैर्यधर आणि बालगंधर्व भामिनी. दोन कंपन्यांचे दोन सर्वांत मोठे गायक नट एका स्टेजवर. तो मराठी रंगभूमीचा सोन्याचा दिवस मानला जातो. पण त्याच सुमाराला गंधर्व मंडळी कर्जात बुडालेली होती. खरे शालू, खरे गालिचे, सढळ हाताचा कारभार, हिशोबाकडे दुर्लक्ष. बालगंधर्वांनी कंपनी बंद करून हात झटकले नाहीत. कर्ज अंगावर घेतलं आणि पुढची अनेक वर्षं प्रयोग करून फेडलं.

ते फिटतं न फिटतं तोच बोलपट आला. १९३१ मध्ये ‘कान्होपात्रा’सारखं नाटक त्यांनी गाजवलं, पण नाट्यगृहं सिनेमाकडे जात होती. अखेर १९३५ मध्ये बालगंधर्व प्रभात फिल्म कंपनीकडे गेले. व्ही. शांताराम यांच्या ‘धर्मात्मा’मध्ये त्यांनी संत एकनाथांचं काम केलं.

एकनाथ म्हणजे पुरुष. धोतर, पगडी.

आवाज तोच होता, गाणं तेच होतं. पण लोकांना हे बालगंधर्व ओळखू येईनात. तीस वर्षं ज्यांना शकुंतला, भामिनी, रुक्मिणी, सिंधू म्हणून डोक्यावर घेतलं, त्यांना स्वतःच्याच पुरुषी वेशात बघायला प्रेक्षक तयार नव्हता. प्रभातसोबत आणखी सिनेमे करायचा बेत एका सिनेमावर थांबला.

मग १९३७ मध्ये ‘साध्वी मीराबाई’ आला. यात ते पुन्हा स्त्रीवेषात होते. आता मात्र आडवा आला कॅमेरा. नाट्यगृहात दिव्यांच्या उजेडात, लांबून, रंग लावलेला चेहरा तरुण वाटायचा. कॅमेरा जवळ गेला आणि पन्नाशीला टेकलेला पुरुष दिसला. तोवर पडद्यावर खऱ्या बायका दिसायला लागल्या होत्या. लोकांनी तुलना केली आणि पाठ फिरवली.

पुरुषाच्या कपड्यात नको आणि बाईच्या कपड्यातही नको. प्रेक्षकाने प्रेम नक्की कोणावर केलं होतं, हा प्रश्न बालगंधर्वांना कधी पडला असेल तर तो याच काळात.

गोहरबाई

१९३८ च्या सुमारास गोहर कर्नाटकी बालगंधर्वांसोबत आल्या. प्रसिद्ध गायिका अमीरबाई कर्नाटकी यांच्या त्या बहीण. बालगंधर्वांची गायकी त्यांनी अशी उचलली होती की ऐकणारा फसावा. बालगंधर्वांनी ज्या भूमिका गाजवल्या, त्या आता गोहरबाई करू लागल्या.

म्हणजे बघा, इतकी वर्षं जी नायिका पुरुषाच्या अंगावर होती, ती शेवटी बाईच्या अंगावर आली. गाणं तेच, शैली तीच.

पण लोकांनी गोहरबाईंना ते प्रेम दिलं नाही. त्या बाई होत्या, मुसलमान होत्या, गाणाऱ्या घरातल्या होत्या. बालगंधर्वांच्या पडत्या काळाचं खापर त्यांच्यावर फोडलं गेलं. कंपनी त्या यायच्या आधीच मोडकळीला आली होती, काळ बदलला होता, सिनेमाने गर्दी पळवली होती, हे सगळं बाजूला राहिलं. मालिकेतल्या नवऱ्याचं काही बिघडलं की दोष दुसऱ्या बाईवर, हे सूत्र तिथेही लागू झालं. पत्नी लक्ष्मीबाई १९४० मध्ये वारल्या. १९५१ मध्ये बालगंधर्वांनी गोहरबाईंशी लग्न केलं. त्यांच्या आजारपणात, ओढाताणीच्या दिवसांत गोहरबाई सोबत राहिल्या आणि १९६४ मध्ये त्या गेल्या.

त्याच वर्षी बालगंधर्वांना पद्मभूषण मिळालं. त्याआधी १९५५ मध्ये संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार मिळाला होता. १५ जुलै १९६७ ला पुण्यात त्यांचं निधन झालं. पुढच्या वर्षी, त्यांच्या जन्मदिवशी, २६ जून १९६८ ला पुण्यात बालगंधर्व रंगमंदिर सुरू झालं. त्याचा पाया त्यांच्याच हस्ते घातला गेला होता.

मग यातून घ्यायचं काय?

बालगंधर्वांना मोठं म्हणायचं की त्यांनी बायकांची जागा अडवली असं म्हणायचं, यावर आजही वाद होतात. दोन्ही बाजूंत तथ्य आहे. त्यांनी स्टेजवरच्या बाईला प्रतिष्ठा दिली, हे खरं. पण ती प्रतिष्ठा स्टेजवरच्या कपड्याला मिळाली, ते कपडे घालू पाहणाऱ्या खऱ्या बाईला मिळायला आणखी कित्येक वर्षं लागली, हेही खरं.

आणि शेवटी त्याच नजरेने त्यांनाही सोडलं नाही.

आज एन. डी. स्टुडिओच्या एखाद्या सेटवर नऊवारी नेसून एक मुलगी शॉटला उभी राहते. पदर कसा घ्यायचा हे तिने ठरवलेलं नसतं. साडीचा रंग वेशभूषाकाराने निवडलेला असतो, भूमिका चांगली की वाईट हे लेखकाने ठरवलेलं असतं, किती दागिने घालायचे हे चॅनलने मंजूर केलेलं असतं. ती पॅकअपनंतर जीन्स घालते, कर्जतहून मुंबईला जाते आणि गाडीत बसून फोन उघडते.

तिथे लोकांनी तिच्याबद्दल लिहिलेलं असतं. भूमिकेबद्दल नाही, तिच्याबद्दल. आदल्या दिवशी साडीत संस्कारी वाटलेली तीच मुलगी, जीन्समधला एक फोटो टाकल्यावर लोकांना आवडेनाशी झालेली असते.

धैर्यधराला निदान नाटक संपायच्या आत कळलं होतं की भामिनी आणि वनमाला एकच आहेत. आपल्याला ११० वर्षं होऊन गेली तरी अजून कळायचंय.